जनुकसंचाचा नकाशा: भाताच्या बारा गुणसूत्रांच्या निमित्ताने नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कृषी जैवतंत्रज्ञान शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न समोर येतात. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कधी एखादा बियाणं निवडायला आलेला शेतकरीही विचारतो. त्यांतले बरेचसे इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शक्यतो भाताचंच घेतलं आहे. मुख्य तृणधान्यांत त्याचा जनुकसंच सर्वांत लहान आहे, त्याचा नकाशा अतिशय काळजीपूर्वक काढला गेला आणि त्या नकाशाचं फळ शेतात उभं राहिलेलं दाखवता येतं.

जनुकसंच म्हणजे नेमकं काय?

एखाद्या सजीवाच्या पेशीत असलेला डीएनएचा संपूर्ण संच म्हणजे जनुकसंच किंवा जीनोम. त्यात जनुकं असतात आणि जनुकांच्या मधली भलीमोठी मोकळी वाटणारी जागाही असते. डीएनएची भाषा ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची. भाताच्या जनुकसंचात अशी सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरं आहेत आणि ती १२ गुणसूत्रांवर वाटलेली आहेत. माणसात हाच आकडा ३०० कोटींच्या वर जातो, गव्हात सुमारे १,६०० कोटींवर. गव्हाचा दाणा माणसापेक्षा गुंतागुंतीचा आहे असा याचा अर्थ नाही. गव्हात तीन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र नांदतात आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे प्रचंड आहेत.

मग स्ट्रक्चरल जीनोमिक्स म्हणजे काय? फंक्शनल जीनोमिक्स वेगळं का?

जनुकसंचाची रचना कशी आहे, कोणतं जनुक कुठे बसलं आहे, दोन जनुकांत अंतर किती, अक्षरांचा क्रम काय, हे शोधणारी शाखा म्हणजे स्ट्रक्चरल किंवा रचनात्मक जीनोमिक्स. त्या जागी बसलेलं जनुक करतं काय, केव्हा चालू होतं, कशामुळे बंद पडतं, हे फंक्शनल जीनोमिक्सचं काम. एकीकडे पत्ता, दुसरीकडे त्या पत्त्यावर राहणाऱ्याचा उद्योग. पत्ता आधी लागतो.

‘स्ट्रक्चरल जीनोमिक्स’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि त्यावरून परीक्षेत फार गोंधळ होतो. त्याबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

नकाशा आणि सिक्वेन्स यात फरक काय?

सिक्वेन्स म्हणजे अक्षरांचा सलग क्रम. नकाशा म्हणजे खुणांचा क्रम आणि त्यांच्यातली अंतरं.

नकाशेही मुख्यतः दोन प्रकारचे. जनुकीय नकाशा, म्हणजे लिंकेज मॅप, आणि भौतिक नकाशा. मुंबई–पुणे रेल्वेने जाणाऱ्याला हा फरक चटकन कळतो. कर्जत ते लोणावळा अंतर अवघं २८ किलोमीटर. पण मध्ये बोरघाट आहे, त्यामुळे तेवढ्या अंतराला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. किलोमीटरमध्ये मोजलं तर भौतिक नकाशा, प्रवासाच्या वेळेत मोजलं तर जनुकीय नकाशा. स्टेशनांचा क्रम दोन्हींत तोच राहतो, फक्त अंतरं ताणली किंवा आक्रसली जातात.

सेंटिमॉर्गन म्हणजे किती लांबी?

ती लांबी नाहीच, ती शक्यता आहे.

प्रजनन पेशी तयार होताना आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांना बिलगतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. याला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. दोन जनुकं जवळजवळ असतील तर अदलाबदल नेमकी त्यांच्या मधे होण्याची शक्यता कमी, म्हणून ती पिढ्यानपिढ्या सोबत जातात. लांब असतील तर सहज वेगळी होतात. शंभरातल्या एका संततीत दोन खुणा वेगळ्या झालेल्या दिसल्या, तर त्यांच्यात साधारण १ सेंटिमॉर्गन अंतर.

ही कल्पना सुचली ती आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या कोलंबिया विद्यापीठातल्या एकोणीस वर्षांच्या पदवी विद्यार्थ्याला, १९११ साली. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत तो फळमाश्या मोजत असे. जनुकांच्या सोबत जाण्याच्या प्रमाणावरून त्यांचा क्रम ठरवता येईल हे लक्षात आल्यावर तो घरी गेला, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवला आणि रात्रभर बसून माशीच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला. पिवळं अंग, पांढरे डोळे, शेंदरी डोळे, छोटे पंख आणि खुरटलेले पंख अशा पाच जागा त्यावर ओळीने होत्या. १९१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जनुकं डीएनएची असतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी तो क्रम आजही बरोबर आहे. वर्गात हे सांगताना मी दरवेळी थांबते, कारण निव्वळ मोजणीच्या बळावर न दिसणाऱ्या वस्तूची मांडणी सांगता येते याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

एककाला मॉर्गन यांचं नाव दिलं जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी फंक्शन’ असा पर्याय येतो. हे कोसंबी म्हणजे आपले दा. ध. कोसंबी का?

हो, तेच. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव म्हणून ओळखतात, पण जगभरच्या रोपपैदासकारांना ते नाव माहीत आहे ते एका गणिती सूत्रामुळे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबें इथे जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असत आणि १९४४ मध्ये पुनर्संयोजनाच्या, म्हणजे खुणा वेगळ्या होण्याच्या, प्रमाणावरून नकाशातलं अंतर कसं काढावं यावर त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला.

अडचण अशी होती. दोन खुणांच्या मधे एकदा अदलाबदल झाली तर त्या वेगळ्या होतात. दोनदा झाली तर पुन्हा पूर्ववत दिसतात, म्हणजे ती आपल्या मोजणीतून निसटते. त्यामुळे लांबची अंतरं आहेत त्यापेक्षा कमी भासतात. हॉल्डेन यांनी यावर सूत्र दिलं होतं, पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होणं अवघड जातं. कोसंबींनी हा शेजारचा अडथळा हिशेबात घेतला.

आकड्यांत बघा. २०० रोपांपैकी ४० मध्ये दोन खुणा वेगळ्या झाल्या, म्हणजे २० टक्के. सरळ वाचलं तर २० सेंटिमॉर्गन. कोसंबींच्या सूत्राने २१.२ येतात आणि हॉल्डेन यांच्या सूत्राने २५.५. खुणा अगदी जवळ असतील तर तिन्ही उत्तरं जवळपास सारखीच येतात. भात, तूर, हरभरा, गहू, कुठल्याही पिकाचा लिंकेज नकाशा उघडा, पद्धतीच्या परिच्छेदात बहुधा कोसंबी हे नाव असतं. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना तरी ते कुणाचं हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

खुणा, म्हणजे मार्कर, कशाच्या असतात?

सुरुवातीला डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांच्या असत: फुलाचा रंग, दाण्यावरचं कुसळ, रोपाची उंची. पण असे गुण मोजकेच. १९८० मध्ये डेव्हिड बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की डीएनएमधला फरकच खूण म्हणून वापरावा. एंझाइमने डीएनए कापला की दोन व्यक्तींत तुकड्यांची लांबी वेगळी येते, ती जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या लिबलिबीत थरावर, पट्ट्यांच्या रूपात दिसते. या खुणांना आरएफएलपी म्हणतात. १९८३ मध्ये याच मार्गाने हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचं जनुक माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. प्रत्यक्ष जनुक हाती यायला मात्र १९९३ उजाडलं. पत्ता कळणं आणि दार सापडणं यात दहा वर्षं गेली.

भाताचा पहिला आरएफएलपी नकाशा १९८८ चा, १३५ खुणांचा. त्यानंतर एसएसआर आले, म्हणजे दोन-तीन अक्षरांची जपमाळ असलेले तुकडे, ज्यात मण्यांची संख्या वाणागणिक बदलते. आता बहुतेक काम एसएनपीवर चालतं, म्हणजे एका जागी एकाच अक्षराचा फरक. एसएनपी लाखांनी मिळतात आणि यंत्राने वाचता येतात. तरी लहान प्रयोगशाळेत, एक पीसीआर यंत्र, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या नकला काढणारं यंत्र, आणि जेलचं भांडं एवढ्या सामानात शिकायचं असेल तर एसएसआरसारखा गुरू नाही.

नकाशासाठी कुठली झाडं लागतात?

ज्यांच्यात भरपूर फरक आहे असे दोन पालक आणि त्यांची पुष्कळ संतती. दुसरी पिढी, म्हणजे एफ२, लवकर मिळते, पण प्रत्येक झाड एकदाच असतं. त्याच संततीला सहा-सात पिढ्या स्वपरागणाने नेलं की स्थिर वाणांचा संच मिळतो, त्याला आरआयएल म्हणतात. तो दरवर्षी, वेगवेगळ्या गावी पेरता येतो.

जपानने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला भाताचा दाट नकाशा १८६ एफ२ झाडांवर काढला होता. एक पालक निप्पोनबारे हा जपानी वाण, दुसरा कसलत हा भारतीय. खुणा २,२७५, नकाशाची एकूण लांबी सुमारे १,५२२ सेंटिमॉर्गन. हा कसलत लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

माझ्या नकाशाची लांबी भलतीच वाढली आहे. कुठे चुकलं?

बहुतेक वेळा नोंदीत. माझा स्वतःचा पहिला नकाशा ३,००० सेंटिमॉर्गनच्या पुढे गेला होता. भाताला साधारण १,५०० अपेक्षित असताना! जेलवरचे अंधुक पट्टे मी अंदाजाने नोंदवले होते. एक चुकीची नोंद म्हणजे त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटी अदलाबदल, आणि प्रत्येक खोटी अदलाबदल नकाशा लांबवते. खुणा जितक्या दाट तितका चुकीचा भुर्दंड मोठा. म्हणून एकाच झाडात अगदी थोड्या अंतरात दोनदा अदलाबदल झालेली दिसली की आधी तो पट्टा पुन्हा बघा. आणि शंका असेल तिथे जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, चूक मात्र ते खरी मानतं.

भौतिक नकाशा कसा काढतात?

गुणसूत्र एका दमात वाचता येत नाही, म्हणून त्याचे मोठे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा एका जिवाणूच्या पोटात सांभाळतात. याला बॅक क्लोन म्हणतात. एका बॅकमध्ये साधारण १ ते २ लाख अक्षरं मावतात. सरासरी दीड लाख धरली तर भाताचा जनुकसंच एकदा झाकायला सुमारे २,६०० बॅक पुरतील. पण तुकडे एकमेकांवर चढलेले असल्याशिवाय त्यांचा क्रम लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अनेक पटींनी जास्त क्लोन ठेवावे लागतात.

मग प्रत्येक क्लोन एंझाइमने कापून त्याच्या तुकड्यांचा ठसा घेतात. दोन क्लोनच्या ठशांत बरेच पट्टे जुळले की ते शेजारी आहेत असं धरायचं. अशी सलग साखळी म्हणजे कॉन्टिग. शेवटी जनुकीय नकाशावरच्या खुणा या साखळ्यांवर शोधायच्या, म्हणजे कुठली साखळी कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या दिशेने बसते ते कळतं. दोन नकाशे इथे एकमेकांना टेकतात.

भातात हिशेब केला तर १ सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी अडीच लाख अक्षरं, माणसात सुमारे दहा लाख. सरासरी म्हणते आहे, कारण गुणसूत्राच्या कंबरेसारख्या आवळलेल्या भागाजवळ, म्हणजे सेंट्रोमिअरजवळ, अदलाबदल फार क्वचित होते. तिथे लाखो अक्षरं पार झाली तरी जनुकीय नकाशावर काटा हलत नाही.

आता यंत्रं इतकी स्वस्त झाली आहेत. थेट सिक्वेन्स करा ना, नकाशा कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा विस्ताराने.

सिक्वेन्सिंगचे दोन रस्ते. पहिल्यात आधी बॅकचा नकाशा, मग नकाशावरचा एकेक बॅक वाचायचा. दुसऱ्यात सगळा जनुकसंच एकदम फोडायचा, कोट्यवधी छोटे तुकडे वाचायचे आणि संगणकाला जुळवायला सांगायचं. याला शॉटगन म्हणतात. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूची १८ लाखांवर अक्षरं याच पद्धतीने वाचली गेली, स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा तो पहिला पूर्ण जनुकसंच. लहान जनुकसंचात पुनरावृत्ती कमी, म्हणून ते छान जमलं.

भातात किमान एक तृतीयांश जनुकसंच उड्या मारणाऱ्या, स्वतःच्या नकला करणाऱ्या तुकड्यांनी भरलेला आहे. एकसारख्या शेकडो तुकड्यांतला कुठला कुठे लावायचा हे सातशे-आठशे अक्षरांच्या वाचनावरून संगणकाला कळत नाही. २००२ मध्ये शॉटगनने काढलेले भाताचे दोन मसुदे प्रसिद्ध झाले, एक चिनी संस्थेचा इंडिका भाताचा, दुसरा एका कंपनीचा जपोनिका भाताचा (हे भाताचे दोन मोठे गट). ते उपयोगी होते, पण तुकड्या-तुकड्यांचे होते. जपानच्या पुढाकाराने दहा देशांनी मिळून चालवलेला आंतरराष्ट्रीय प्रकल्प मात्र नकाशाच्या रस्त्याने गेला आणि २००५ मध्ये त्याने निप्पोनबारेचा पूर्ण क्रम दिला. दहा हजार अक्षरांत एकाहून कमी चूक. पुढची अनेक वर्षं गवतकुळातल्या पिकांचे जनुकसंच याच्याशी ताडून पाहिले गेले. माझ्या मते तो हळू रस्ताच बरोबर होता.

आज एका दमात हजारो, कधी लाखभर अक्षरं वाचणारी यंत्रं आहेत. त्यांच्यामुळे माणसाच्या जनुकसंचाचा वाचायचा राहिलेला सुमारे ८ टक्के भाग २०२२ मध्ये पुरा झाला आणि निप्पोनबारे २०२३ मध्ये टोकापासून टोकापर्यंत वाचून झाला. बॅकची गरज बरीच संपली, हे खरं. पण जुळणी तपासायला नकाशा अजूनही लागतो, आणि एखादा गुण कुठल्या जनुकामुळे येतो हे शोधायला तर संततीत केलेल्या नकाशाचाच मोठा आधार आहे. नुसता क्रम वाचून ‘हे झाड पुरात का जगतं’ याचं उत्तर मिळत नाही.

यात भारताचा वाटा काय होता?

भारत २००० मध्ये भाताच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात आला आणि ११व्या गुणसूत्राचा मोठा भाग वाचला. काम दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारातल्या वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्रात झालं. गुणसूत्राची निवड फार चांगली होती. ११ आणि १२ ही गुणसूत्रं रोगप्रतिकारक जनुकांनी गच्च भरलेली आहेत. जिवाणूजन्य करप्याला अडवणारं आणि जंगली भातातून आलेलं एक्सए२१ हे जनुक ११ वरच आहे. ते आणि एक्सए१३ अशी दोन जनुकं मार्करच्या मदतीने पुसा बासमती १ मध्ये आणून सुधारित वाण २००७ मध्ये प्रसारित झाला.

हीच भारतीय मंडळी पुढे गव्हाच्या २ए गुणसूत्रावर, टोमॅटोच्या पाचव्यावर आणि तुरीवर काम करत राहिली. तुरीचा जनुकसंच सुमारे ८३ कोटी अक्षरांचा, गुणसूत्रं ११, आणि त्याचे मसुदे २०११ मध्ये आले ते ‘आशा’ या वाणाचे. विदर्भ-मराठवाड्यात हे नाव नवीन नाही.

नकाशामुळे शेतकऱ्याला प्रत्यक्ष काय मिळालं?

एकच गोष्ट सांगते, पण पूर्ण.

भात पाण्यात उभा असतो, पण पूर्ण बुडाला की सहसा आठवड्याभरात मरतो. बुडालेलं रोप वर येण्यासाठी झपाट्याने लांबतं, त्यात साठवलेली साखर संपते आणि पाणी ओसरल्यावर ते कोलमडतं. ओडिशातल्या एका स्थानिक वाणातून निवडलेला एफआर१३ए हा भात मात्र दोन आठवडे बुडून पुन्हा उभा राहतो. पैदासकारांना तो कैक वर्षं माहीत होता. त्याचा संकर केला की पूर सोसण्याबरोबर उंची, कमी उत्पादन, नको ते सगळं यायचं.

१९९६ मध्ये नकाशावर दिसलं की या गुणाचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेतून येतो. तिला सब१ नाव मिळालं. मग जागा अरुंद करत जायचं काम सुरू झालं. चार हजारांहून जास्त एफ२ रोपं तपासली गेली, कारण खूण आणि जनुक यांच्या मधे अदलाबदल झालेलं दुर्मीळ रोप सापडलं तरच सीमा आत सरकते.

इथे एक विलक्षण गोष्ट झाली. तोवर निप्पोनबारेचा क्रम हाताशी होता, पण हवं ते जनुक त्यात नव्हतंच. त्या जागी निप्पोनबारेत दोन भावंडं जनुकं आहेत, सब१बी आणि सब१सी. तिसरं, सब१ए, पूर सोसणाऱ्या भातात आहे आणि जपानी भातात नाही. संशोधकांना पूर सोसणाऱ्या वंशातल्याच भाताचे बॅक घेऊन ती जागा नव्याने वाचावी लागली. छापील ग्रंथात पानच नव्हतं, आणि ते पान कुठे असायला हवं हे नकाशाने सांगितलं. २००६ मध्ये जनुक प्रसिद्ध झालं. सब१ए रोपाला लांबायचं थांबवतं, साखर राखून ठेवतं. पाणी ओसरलं की वाढ पुन्हा सुरू.

मग स्वर्णा या आंध्रातल्या मारुतेरूहून आलेल्या, पूर्व भारतात लाखो शेतांत लावल्या जाणाऱ्या वाणात ही एकच जागा आणायची ठरली. संकर, मग स्वर्णाशीच परत परत संकर, म्हणजे बॅकक्रॉस. दर पिढीत रोपटं लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन तीन गोष्टी बघायच्या: सब१ आलं का, त्याच्या दोन्ही बाजूंचा नको असलेला तुकडा तुटला का, आणि बाकी ११ गुणसूत्रं स्वर्णाची झाली का. दोन-तीन बॅकक्रॉसांत काम झालं. स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. पूर नसेल तेव्हा तो स्वर्णासारखाच पिकतो, आणि म्हणून शेतकऱ्याने तो स्वीकारला.

म्हणजे एका वाणाचा जनुकसंच सगळ्या भाताला लागू होत नाही?

क्रम बराचसा सारखा, पण पूर्ण नाही. कसलत लक्षात आहे ना? कमी स्फुरद असलेल्या जमिनीत तो चांगली मुळं धरतो. या गुणाची जागा १२व्या गुणसूत्रावर सापडली आणि २०१२ मध्ये पीस्टॉल१ हे जनुक हाती आलं. तेही निप्पोनबारेत नाही. दोन मोठी उपयोगी जनुकं, दोन्ही भारतीय उपखंडातल्या जुन्या भातांत, आणि दोन्ही संदर्भ-जनुकसंचात गैरहजर.

म्हणून आता पॅन-जीनोम काढतात, म्हणजे अनेक वाणांचा मिळून एक जनुकसंच. २०१८ मध्ये ८९ देशांतल्या ३,०१० भातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या गावरान भातांचं बी जपायला हवं याचं मला यापेक्षा भक्कम कारण देता येत नाही. आज निरुपयोगी वाटणाऱ्या वाणात कुठलं पान आहे हे ते वाचेपर्यंत कळत नाही.

क्यूटीएल म्हणजे काय?

उत्पादन, उंची, दाण्यांची संख्या असे गुण ‘आहे किंवा नाही’ असे नसतात, कमी-जास्त असतात. त्यांवर परिणाम करणारी गुणसूत्रावरची जागा म्हणजे क्यूटीएल. एका क्यूटीएलमध्ये डझनावारी जनुकं असू शकतात, त्यामुळे ‘उत्पादनाचं जनुक सापडलं’ असं कुणी म्हणालं तर आधी जागेची रुंदी विचारा. काही वेळा मात्र एकच जनुक निघतं. लोंबीतल्या दाण्यांची संख्या वाढवणारा पहिल्या गुणसूत्रावरचा जीएन१ए हा क्यूटीएल २००५ मध्ये एका एंझाइमच्या जनुकापर्यंत पोचला.

आंबेमोहोर, इंद्रायणी यांचा या सगळ्याशी संबंध आहे का?

आहे. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या केंद्राचा वाण, आंबेमोहोर १५७ आणि आयआर८ यांच्या संकरातून झालेला. आंबेमोहोर उंच वाढतो आणि लोळतो. आयआर८ बुटका आणि भरघोस. तेव्हाच्या पैदासकारांनी हे सगळं नाकाने आणि डोळ्यांनी निवडलं, मार्कर नव्हते. आयआर८च्या बुटकेपणाचं एसडी१ हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे हे आज आपल्याला माहीत आहे. सुवासाची मुख्य जागा आठव्यावर, बीएडीएच२ या जनुकात. बासमतीत त्या जनुकातली आठ अक्षरं गळालेली आहेत. जनुक मोडल्यामुळे सुवासाचा रेणू साचतो. आता सुवास टिकला की नाही हे दाणा भरायची वाट न बघता रोपवाटिकेतच पानावरून तपासता येतं.

मार्कर वापरून केलेला वाण जीएम असतो का?

नाही. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरून जनुक घातलेला. मार्कर फक्त निवड करायला मदत करतो. संकर शेतात, परागकणांनीच होतो. स्वर्णा-सब१ मध्ये भाताबाहेरचं काही नाही. जीनोम एडिटिंग, म्हणजे असलेल्याच जनुकात ठरावीक जागी बदल करणं, ही तिसरीच गोष्ट. मे २०२५ मध्ये भारताने जाहीर केलेल्या दोन एडिट केलेल्या भातांपैकी ‘कमला’ या वाणात वर सांगितलेल्या जीएन१एच्याच जनुकात बदल केला आहे. कात्री कुठे लावायची हे वीस वर्षांपूर्वीच्या नकाशाने सांगून ठेवलं होतं.

पुस्तकात ‘स्ट्रक्चरल जीनोमिक्स’ म्हणजे प्रथिनांची त्रिमितीय रचना असं दिलं आहे. कुठलं बरोबर?

दोन्ही. २००० च्या सुमारास अमेरिका, जपान, युरोपात मोठे प्रकल्प सुरू झाले, ज्यांत जनुकसंचातल्या प्रथिनांच्या रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने घाऊक प्रमाणात काढायच्या होत्या. त्यालाही हेच नाव मिळालं. अमेरिकेतला प्रकल्प २०१५ मध्ये थांबला. त्यांनी आणि इतर प्रयोगशाळांनी साठवलेल्या रचनांवर शिकून अल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम आता क्रमावरून रचनेचा अंदाज करतो, आणि त्यासाठी डेमिस हस्साबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्रश्नपत्रिकेत ‘मॅपिंग’ शब्द सोबत असेल तर पहिला अर्थ, ‘प्रथिन’ असेल तर दुसरा.

घरी बसून, प्रयोगशाळेशिवाय काही शिकता येईल का?

नक्की. साध्या लॅपटॉपवर आर (R) ही सांख्यिकीची संगणकभाषा आणि त्यातलं आर/क्यूटीएल हे पॅकेज घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि सरावाची माहिती आतच आहे. पण त्याआधी एक दिवस संगणक बंद ठेवा. वहीत तीन खुणा आणि शंभर झाडांचा तक्ता करा, कुठल्या झाडात कुठली जोडी तुटली ते मोजा, आणि मधली खूण कुठली ते स्वतः ठरवा. स्टर्टेव्हंटने त्या रात्री तेच केलं होतं. मग २० टक्क्यांचं कोसंबी अंतर कॅल्क्युलेटरवर काढून बघा, २१.२ आलं पाहिजे.